एकच साक्षीदार

आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला मेंदीचे एक जुने कुंपण आहे. पावसाळा ओसरू लागला, की त्या कुंपणात दरवर्षी एक पाहुणा उतरतो. तो सहसा दिसत नाही. त्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. दोन गारगोट्या एकमेकींवर हलकेच आपटाव्यात तसा ‘चट्’, आणि थोड्या वेळाने पुन्हा ‘चट्’. मराठीच्या तासाला एखाद्या ओवीचा अन्वय लावीत असताना मध्येच हा आवाज आला, की मुले खिडकीकडे पाहतात आणि, खोटे कशाला सांगू, मीही पाहतो. परंतु वीस-पंचवीस वर्षे शेजारी राहूनही या पाहुण्याची आणि माझी ओळख अशी झाली नव्हती. चिमणीहून सडपातळ, मातकट रंगाचे काहीतरी पानांआड सरकते, एवढ्या ज्ञानावर माझे समाधान होते.

गेल्या हिवाळ्यात आमचे एक प्राणिशास्त्राचे प्राध्यापक-मित्र मोकळ्या तासाला माझ्या खोलीत बसले होते. तेवढ्यात कुंपणातून तो आवाज आला. “बोरू वटवट्या,” ते सहज म्हणाले. मी चमकलो. ज्या बोरूची लेखणी करून आपल्या वाडवडिलांनी पोथ्या लिहिल्या, तो बोरू माझ्या कुंपणात पक्षी होऊन बसला आहे, याची मला वार्ताही नव्हती! मित्र हसले. म्हणाले, “या कुळातल्या बहुतेक पक्ष्यांना पाणथळीच्या बोरूंचे आणि लव्हाळ्यांचे वेड, म्हणून ते नाव. तुमचा हा पाहुणा मात्र कुंपणावर भागवतो. पण याचा एक भाऊबंद आहे. त्याची कथा पक्षिशास्त्रापेक्षा तुमच्याच विषयात जास्त शोभेल. एकच हस्तलिखित उपलब्ध, आणि तेही वादग्रस्त!”

ती कथा ऐकून मी त्या संध्याकाळी घरी गेलो, तो स्वस्थ चित्ताने नव्हे. का, ते सांगण्यापूर्वी ती कथाच सांगतो.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला राष्ट्रसभेच्या इतिहासात भेटते. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत बहात्तर प्रतिनिधी जमले, त्यामागे खटपट होती ती या निवृत्त इंग्रज मुलकी अधिकाऱ्याची, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु सरकारी नोकरीत असताना या गृहस्थाने आपला फुरसतीचा सारा वेळ आणि पुष्कळसा पैसा हिंदुस्थानातील पक्षी गोळा करण्यात घालविला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १३ नोव्हेंबर १८६७ या दिवशी सतलजच्या खोऱ्यात, रामपूरच्या आसपास, त्याला एक लहानसा मातकट वटवट्या मिळाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी मारला गेला, आतले मांस काढून कातडीत कापूस भरला गेला आणि स्थळ-दिवसाची चिठ्ठी त्याला जोडली गेली. रूपात लक्षात राहावे असे त्यात काही नव्हते. चोच मात्र नेहमीच्या वटवट्यांहून लांब आणि रुंद होती. ह्यूमने १८६९ साली ही नवी जात म्हणून तिचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्या चोचीवरूनच तिला ‘मोठ्या चोचीचा’ अशा अर्थाचे शास्त्रीय नाव दिले.

बिचाऱ्याला नावसुद्धा सुखाने लाभले नाही. ते नाव दुसऱ्या एका पक्ष्याला आधीच दिलेले होते, असे पुढे निघाले. शास्त्रात एका नावाचे दोन धनी चालत नाहीत; म्हणून १९०५ साली ओबरहोल्सर या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने त्याचे पुन्हा बारसे केले आणि ‘डोंगरातला’ अशा अर्थाचे ‘ओरिनस’ हे नाव ठेवले. दोनदा बारसे झाले. पण ज्याचे बारसे व्हायचे तो पक्षी काही दुसऱ्यांदा कोणाच्या हाती लागेना. वर्षे लोटली, दशके लोटली. ह्यूमच्या संग्रहाबरोबर ती कापूस भरलेली कातडी विलायतेला गेली, आणि आज ती ट्रिंग या गावी असलेल्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या एका खणात पडून आहे. या जातीच्या अस्तित्वाचा सबंध जगात एवढा एकच पुरावा होता.

मग शंका निघू लागल्या, आणि त्या निघाव्यात यात नवल नाही. वटवट्यांचे कूळच असे, की त्यांतील एकाला पाहून दुसऱ्याची आठवण यावी. पंखांतील पिसांची लांबी मिलिमीटरने मोजल्यावाचून पंडितांनाही निर्वाळा देता येत नाही. कोणी म्हणाले, ही निराळी जात नव्हेच. मोठ्या आवाजाच्या एका प्रसिद्ध वटवट्याची ही लहान चणीची उपजात असावी. कोणाला तो आमच्या कुंपणातल्याच पाहुण्याचा एखादा विकृत नमुना वाटला, तर कोणाला दोन जातींचा संकर. शंकेचा शेवटचा पेच तर मोठा मार्मिक होता. असा पक्षी खरोखरच असता, तर तो इतक्या वर्षांत पुन्हा का दिसला नाही? असलाच, तर आता उरला नसावा. आणि उरला नसेल, तर मुळात होता हे तरी कशावरून? ज्याचे असणे सिद्ध नाही, त्याचे नष्ट होणे तरी कसे सिद्ध व्हावे!

येथपर्यंतची कथा ऐकताना, कबूल करतो, माझी सहानुभूती सर्वस्वी शंकेखोरांच्या बाजूला होती. आमच्या धंद्याची शिकवणच तशी. एखादी ओवी दहा पोथ्यांत एका रीतीने आली आणि अकराव्या पोथीत निराळ्या रीतीने आली, तर अकरावीकडे आम्ही भुवया वर चढवून पाहतो. एखादा अभंग एकाच बाडात मिळाला, दुसरीकडे कोठे मिळाला नाही, तर ‘प्रक्षिप्त’ हा शब्द आमच्या ओठांवर तयारच असतो. लेखनिक डुलकी घेतो, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उडी मारतो, स्वतःची पदरची चार चरणे संताच्या नावावर खपवितो. हे सारे लबाडीनेच होते असे नाही. पुष्कळदा ते भाबड्या भक्तीने होते. म्हणून एकट्या साक्षीदारावर विश्वास ठेवू नये, हे मी माझ्या गुरुजनांकडून शिकलो आणि माझ्या विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. आजही ते चूक आहे असे मी म्हणत नाही.

परंतु मित्र बोलत होते आणि मला आठवत होता तो २००२ सालचा एक विद्यार्थी.

मी त्या वेळी तेहेतीस वर्षांचा होतो. प्रबंध नुकताच मान्य झाला होता, आणि नावामागची ‘डॉक्टर’ ही पदवी अजून नव्या जोड्यासारखी करकर वाजत होती. एम. ए.च्या वर्गात एक खेड्यातला मुलगा होता. अबोल, नेहमी शेवटच्या बाकावर बसणारा. एके दिवशी तास संपल्यावर तो दबकत माझ्याकडे आला आणि त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले एक बाड काढले. त्याचे पणजोबा कीर्तने करीत. त्यांच्या संग्रही ते होते. आडवी, लांबट, सुताने शिवलेली पाने, कडा वाळवीने कुरतडलेल्या, बाळबोध अक्षर, आणि शाई काही ठिकाणी इतकी फिकी झालेली, की पान तिरपे धरल्यावाचून अक्षर लागेना. नामदेव, तुकाराम, एकनाथ असे ओळखीचे अभंग त्यात होतेच. परंतु मध्येच सात-आठ पदे निराळी होती. त्यांच्या अखेरीस नाममुद्रा होती ती एका बाईची. अमक्याची दासी अशा धाटणीची.

“सर, ही बाई कोण असेल? मला कोणत्याही यादीत सापडली नाही,” तो म्हणाला.

मी दहा मिनिटे ती पाने चाळली. होय, दहाच; तेव्हा माझ्या घड्याळाकडे माझे लक्ष होते, म्हणून आठवते. मग त्याला एक लहानसे व्याख्यान दिले. एकाच बाडातला पुरावा म्हणजे पुरावा नव्हे. नाममुद्रेत लेखनिक वाटेल ते घालतात. मुक्ताबाई, जनाबाई यांच्या पदांची मोडतोड करून कोणा कीर्तनकाराने हे रचलेले असावे. फार तर पाठभेद म्हणता येईल. तो ऐकत राहिला. “म्हणजे यात काही नाही, सर?” त्याने विचारले. “नाही,” मी म्हणालो, आणि बाड त्याच्या हाती परत दिले. महाविद्यालयाच्या फाटकासमोर तेव्हा झेरॉक्सचे दुकान होते. पानामागे एक रुपया पडे. सात-आठ पदांची ती चार-पाच पाने. पाच रुपयांचे काम मला सुचले नाही.

मित्रांच्या कथेकडे परत येतो. त्याच २००२ साली, स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या स्टाफान बेन्श या शास्त्रज्ञाने डेव्हिड पिअर्सन या सहकाऱ्यासह ह्यूमच्या त्या एकुलत्या नमुन्याचा नव्याने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एकशे पस्तीस वर्षांच्या जुन्या नमुन्यातून अल्पसा अंश घेऊन त्यातील आनुवंशिक द्रव्य त्यांनी वाचले. हे द्रव्यही एक प्रकारची पोथीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नकला होत जातात, नकलेत चुका होतात, आणि त्या चुकांवरून कोणती शाखा कोणत्या शाखेपासून केव्हा फुटली, हे ताडता येते. आम्ही पोथ्यांची कुळे लावतो ती याच युक्तीने. तेव्हा हे ऐकताना मला परक्या घरी आल्यासारखे मुळीच वाटले नाही. त्यांनी वाचलेला भाग केवळ मातेकडून संततीला मिळणारा असतो. हा पक्षी दोन माहीत असलेल्या जातींचा संकर असता, तर तो भाग मातेच्या जातीशी तंतोतंत जुळला असता. तो कोणाशीच जुळला नाही. ह्यूमचा एकटा साक्षीदार खरे बोलत होता. ही जात स्वतंत्र होती.

‘होती’ की ‘आहे’, हा प्रश्न मात्र राहिलाच. त्याचे उत्तर सतलजच्या खोऱ्यात मिळाले नाही. ते मिळाले सयाम देशात, ज्याला आज थायलंड म्हणतात. २७ मार्च २००६ रोजी फिलिप राउंड हे पक्षिशास्त्रज्ञ तेथील फेत्चबुरी प्रांतात सांडपाणी शुद्ध करण्याच्या एका केंद्राजवळ जाळी लावून पक्षी पकडीत होते. पायात कडी घालून सोडून द्यावे आणि त्यांच्या येण्याजाण्याचा माग ठेवावा, एवढाच हेतू. जाळीत एक वटवट्या आला. तसे पाहता नेहमीचाच. पण चोच लांब आणि पंख आखूड. ह्यूमच्या नमुन्याचे वर्णन राउंड यांना पाठ होते. त्यांनी छायाचित्रे काढली, दोन पिसे घेतली, पक्ष्याला सोडून दिले आणि पिसे बेन्श यांच्याकडे धाडली. पडताळा जुळला. एकोणचाळीस वर्षे आणि वर एक शतक अशा अवधीनंतर दुसरा साक्षीदार उभा राहिला होता, आणि तो जिवंत होता.

यानंतर जे घडले, ते मला सर्वांत विलक्षण वाटते. संग्रहालयांतील जुने खण पुन्हा उघडले गेले. ट्रिंग येथेच, ह्यूमच्या नमुन्यापासून फार दूर नसलेल्या खणात, १८६९ साली उत्तर हिंदुस्थानात मिळालेला दुसरा एक नमुना निघाला. त्याच्या चिठ्ठीवर नाव होते आमच्या कुंपणातल्या पाहुण्याचे! मग आणखी शोधाशोध झाली, आणि २००८ साली अशा दहा नमुन्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. सारे वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या लोकांनी मिळविलेले, आणि सारे चुकीच्या नावाखाली पडून असलेले. त्यांच्या चिठ्ठ्यांवरील स्थळे पाहता हा पक्षी मध्य आशियात वीण करीत असावा, असा तर्क बांधता आला. तो खराही ठरला. २००८ साली अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, पामीर आणि हिंदुकुश यांच्यामधल्या वाखान या चिंचोळ्या प्रदेशात, रॉबर्ट टिमिन्स या निरीक्षकाने नदीकाठच्या झुडपांतून एका वटवट्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले. २००९ साली तेथे जाळी लावून सुमारे वीस पक्षी पकडण्यात आले, तपासण्यात आले आणि सोडून देण्यात आले. ज्या देशात माणसे युद्धात होरपळत होती, तेथल्या एका कोपऱ्यात हा ‘नसलेला’ पक्षी बिनघोर गात होता.

या कथेचा बोध काय? शंकेखोर मूर्ख होते, असा तर तो मुळीच नव्हे. तसा बोध काढणे म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी चूक बसविणे होय. प्रत्येक एकटा साक्षीदार खराच निघतो असे नाही. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात १८३३ साली टाउनसेंड याने एक लहान भारीटवजा पक्षी टिपला. ऑडुबाँ या प्रख्यात पक्षी-चित्रकाराने त्याचे वर्णन केले आणि मित्राचे नाव त्याला दिले. तसा पक्षी, निर्विवादपणे तसाच, पुढे कोणालाही मिळाला नाही. ती स्वतंत्र जात होती आणि लोपली, की तेथल्याच एका नेहमीच्या पक्ष्याच्या अंगावरचा पिवळा रंग उडालेला तो एखादा नमुना होता, हा वाद अजून मिटलेला नाही. बहुतेकांचा कल दुसऱ्या बाजूला आहे. तो नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवलेला आहे. तो वाट पाहत आहे, आणि त्याच्यावर शंका घेणारेच त्याला जपत आहेत. मला वाटते, सारे मर्म येथे आहे.

शंका घेणाऱ्यांनी ह्यूमचा वटवट्या कचऱ्यात टाकला नाही. तो खोटा, विकृत, संकर, काय वाटेल ते असेल; पण त्याची कातडी जपली आणि चिठ्ठी जपली. चिठ्ठीवरचे नाव चुकले तरी एक वेळ चालते. दहा नमुन्यांची नावे चुकलीच होती. परंतु स्थळ आणि दिवस खरे असले, तर शंभर वर्षांनी येणारा कोणी नाव सुधारू शकतो. उलट, चिठ्ठीच खोटी असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या खानदेशात आहे. रानपिंगळा या घुबडाचे वर्णनही ह्यूमनेच १८७३ साली केले होते. १८८४ नंतर ते कोणाला मिळाले नाही, आणि ते लोपले असावे असे मानले जाऊ लागले. मध्येच कर्नल माइनर्टझहागेन या बड्या इंग्रज संग्राहकाने १९१४ साली ते गुजराथेत मिळाल्याचे सांगून एक नमुना पुढे केला. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की तो नमुना डेव्हिडसन या खानदेशातल्या जुन्या अधिकाऱ्याने मिळविलेला होता. तो संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, वर खोटी चिठ्ठी लावलेली होती. त्या चिठ्ठीचा भरवसा सोडून, खऱ्या चिठ्ठ्यांवरची स्थळे धरून शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात तो रानपिंगळा भर सकाळी झाडावर बसलेला सापडला. एक खोटी चिठ्ठी किती जणांची पावले चुकवू शकते! आणि एक खरी चिठ्ठी शंभर वर्षांनंतरही नेमक्या झाडाखाली नेऊन उभी करते.

मित्र निरोप घेऊन निघाले, ते दारातून पुन्हा मागे वळले. “एक सांगायचे राहिलेच,” ते म्हणाले. “ह्यूमने पक्षी गोळा करणे सोडले का, ठाऊक आहे? हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे टिपणे जमविली होती. सिमल्याच्या त्याच्या बंगल्यातून ती चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. गृहस्थाचे मनच उडाले. अंडी-घरटी धरून ऐंशी हजारांच्या घरातला सारा संग्रह त्याने १८८५ साली ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला.” ज्या वर्षी पक्षी सोडले, त्याच वर्षी राष्ट्रसभा उभी केली! आपल्या देशाच्या इतिहासाचा एक धागा अशा रीतीने सिमल्यातल्या रद्दीवाल्याच्या तागडीतून गेलेला आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

परंतु ‘रद्दी’ हा शब्द मला घरी जाईपर्यंत सोडीना. त्या रात्री जुन्या वह्या उपसून मी त्या विद्यार्थ्याचा ठावठिकाणा शोधला. तो आता एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. दुसऱ्या दिवशी दूरध्वनी केला. माझा आवाज त्याने तेवीस वर्षांनंतरही ओळखला, आणि त्याला इतका आनंद झाला, की मूळ विषय काढणे मला जड जाऊ लागले. अखेर विचारले, “तुझ्याकडे ते पणजोबांचे बाड होते, ते आहे ना?”

तो क्षणभर थांबला. “नाही, सर. वडील गेल्यावर जुने घर पाडले. तेव्हा बरेच कागद रद्दीत घातले. बाड मी एकदा हातात घेतले होते...” त्याचा आवाज किंचित खाली आला; पण त्यात तक्रारीचा लेशही नव्हता, याचेच मला आजवर वाईट वाटते. “पण यात काही नाही, असे आपण सांगितले होते. म्हणून दिले.”

मी त्याला पुढे काय म्हणालो, ते मला नीटसे आठवत नाही. काहीतरी म्हणालो असेन. त्याने ती पदे कोठे उतरवून ठेवली होती का? नव्हती. त्या बाईची नाममुद्रा त्याला आठवते का? त्याला ती ‘दासी’ आठवत होती. कोणाची दासी, ते आठवत नव्हते. मलाही आठवत नाही. दहा मिनिटांच्या चाळण्यात मी अक्षराचे वळण पाहिले, शाई पाहिली, छंदातल्या चुका पाहिल्या. बाईचे नाव तेवढे ध्यानात धरले नाही.

ती बाई होऊन गेली की नाही, हे मला माहीत नाही. माझा तेव्हाचा तर्क खराही असेल. कोणा कीर्तनकाराने जनाबाईच्या पदांवर हात फिरविला असेल. शंका घेण्यात माझा अपराध नव्हता, आणि आज मला तीच पदे मिळाली तर आजही मी शंका घेईन. पण ती मिळणार नाहीत. ह्यूमच्या वटवट्याचा निवाडा एकशे पस्तीस वर्षांनी होऊ शकला, कारण निवाडा करावयास काही शिल्लक होते. माझ्या हातून शिल्लक काहीच राहिले नाही. न्यायाधीशाने साक्ष अविश्वसनीय ठरवावी, हा त्याचा अधिकार आहे. पण मग साक्षीदारालाच गावाबाहेर घालवून द्यावे, हा नव्हे. मी दुसरी गोष्ट केली आणि तिला पहिली समजलो.

आपल्याकडे याच्या उलट घडल्याचे उदाहरण प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी सोपानदेवांनी आणि एका आप्ताने वहीत उतरवून ठेवली होती. आई गेल्यानंतर ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. ती वही प्रथम एखाद्या नव्या जोड्यातल्या डॉक्टराच्या हाती पडली असती तर? हा प्रश्न मी आता वर्गात विचारतो. मुले हसतात. मी हसत नाही.

या जूनपासून मी आमच्या विभागात एक नोंदवही ठेवली आहे. विद्यार्थी जे काही घेऊन येतील, बाड, पोथी, जुने पत्र, आजीच्या तोंडून उतरलेली ओवी, त्याची आधी नक्कल होते आणि मग नोंद. कोणी आणले, कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे, कोणत्या दिवशी. आणि अगदी शेवटच्या रकान्यात प्राध्यापकांचे मत. ते मत शिसपेनने लिहायचे, असा नियम मीच केला आहे. खोडता यावे म्हणून. वही पुष्कळशी भरली आहे. त्यात अस्सल किती आणि भाबडेपणाचे किती, हे मला सांगता येत नाही, आणि त्याची घाईही आता वाटत नाही.

त्या वहीतील पहिली नोंद मी स्वतः केली आहे. बाड, एक, कीर्तनकाराच्या घरचे. पदे सात किंवा आठ. पाहिल्याचे साल २००२. नक्कल: नाही. मूळ प्रत: नष्ट. ‘कवयित्री’ या रकान्यात ‘दासी’ एवढेच लिहून पुढे जागा मोकळी ठेवली आहे. शेवटचा मताचा रकाना कोराच आहे. तो भरावयास मी शिसपेन उचलली, तेव्हा बाहेर कुंपणात ‘चट्’ असा आवाज झाला. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पाने हलली, दिसले काही नाही. वहीत मात्र त्या दिवसाची तारीख घातली.